पिऊन पडलाय, एवढं कळणं पुरेसं नाही

एसटी स्थानकाबाहेर फुटपाथवर एखादा माणूस आडवा पडलेला असतो. एक चप्पल पायात, दुसरी दोन हातांवर. येणारे-जाणारे क्षणभर थांबतात, कुणीतरी वाकून बघतो, नाकाला वास लागतो आणि निकाल दिला जातो : "पिऊन पडलाय." एवढं ऐकलं की गर्दी पांगते. तो श्वास नीट घेतोय का, डोक्याला लागलंय का, हाक मारल्यावर डोळे उघडतोय का, हे कुणी बघत नाही. पुढे पोलिसांची गाडी आलीच, तर त्यांच्याही हातात पहिल्यांदा तेच दोन शब्द पडतात.

महाराष्ट्राच्या कायद्यानेही गेली पंच्याहत्तर वर्षं या माणसाकडे असंच बघितलं आहे. दारूबंदी कायदा 1949 चा. तेव्हाच्या मुंबई प्रांताने तो केला, आणि संपूर्ण दारूबंदी हाच त्याचा हेतू होता. साठच्या दशकात सरकारचं धोरण सैल झालं, बार आणि दुकानं आली. आज उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये जमा होतात. कायद्याचा सांगाडा मात्र जुनाच राहिला. त्यातलं कलम 85 रस्त्यावरच्या दारूड्यासाठी आहे. सार्वजनिक जागी दारूच्या अमलाखाली स्वतःला सावरू न शकणारा, दारू पिऊन दंगा-बेशिस्त करणारा, आणि परवाना नसताना प्यायलेल्या अवस्थेत सापडलेला, अशी तीन माणसं हे कलम एकाच रांगेत उभी करतं.

यातली मधली तक्रार कुणालाही पटेल. तिसरी परवान्याची. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी आजही परवाना लागतो. देशीसाठी दोन रुपये आणि विदेशीसाठी पाच रुपये अशा दरात एका दिवसाचा परवाना मिळत आला आहे, आणि हजार रुपयांत आयुष्यभराचा. परमिट रूममध्ये बसणाऱ्याला त्याची सोय असते. नाक्यावर दिवसभर कामाची वाट बघून संध्याकाळी देशीच्या दुकानात उभ्या-उभ्या पिणाऱ्या मजुराच्या खिशात तो कागद असण्याची शक्यता किती, हे सांगायला नको. बारमधून निघून रिक्षाने घरी जाणाऱ्याला हे कलम कधी भेटत नाही. ज्याचं घर दूर आहे किंवा ज्याला घरच नाही, तो त्यात सापडतो.

पण खरी अडचण पहिल्या वर्णनात आहे. स्वतःला सावरू न शकणारा माणूस. ज्याला उठता येत नाही, बोलता येत नाही, उलटी आली तर कूस बदलता येत नाही. या अवस्थेचं वर्णन डॉक्टरने लिहिलं, तर त्याला केसपेपर म्हणतात. कायद्याने लिहिलं, तेव्हा तो गुन्हा झाला.

भारतीय दंड संहितेत 1860 पासून कलम 510 होतं. नशेत सार्वजनिक ठिकाणी येऊन दुसऱ्याला त्रास होईल असं वागल्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपये दंड. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 355 आलं. दंड हजार रुपयांवर गेला आणि शिक्षेत समाजसेवेचा पर्याय आला. या केंद्रीय कलमात निदान एक विवेक आहे : दुसऱ्याला त्रास झाला असेल, तरच गुन्हा. नुसता पडलेला माणूस त्यात येत नाही. राज्याच्या कलम 85 मध्ये मात्र तो येतो.

आता रात्री अकराला त्या फुटपाथपाशी आलेल्या शिपायाच्या जागेवरून बघावं. केस करायची तर पंच हवेत, पंचनामा हवा, दवाखान्यासाठी यादी, म्हणजे पत्र, लिहायला हवी. मग सरकारी रुग्णालयात नेऊन डॉक्टरकडून तपासणी, रक्ताचा नमुना, सीलबंद बाटली, ती प्रयोगशाळेकडे. शंभर मिलीलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल निघालं, तर आपण दारूबंदीचा भंग केला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर जाते. रक्ततपासणी टाळून नुसत्या वासावर केस उभी राहत नाही. तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणं, एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असं खात्रीने म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली बच्चूभाई करयानी यांच्या खटल्यात सांगितलं. तो खटला महाराष्ट्रातलाच होता.

एवढ्या सगळ्याला अर्धी रात्र जाते आणि बंदोबस्तातला एक माणूस कमी होतो. म्हणून बहुतेक वेळा केस होत नाही. होतं ते असं : दोन दांडके, एक शिवी, "चल, ऊठ, इथून निघ," आणि माणूस एका चौकातून उठून पुढच्या चौकात, पुढच्या ठाण्याच्या हद्दीत जाऊन पडतो. किंवा त्याला गाडीत घालून ठाण्यात आणलं जातं आणि कोपऱ्यात झोपवलं जातं. सकाळी उतरेल, मग घरी पाठवू. यात क्रौर्य असतंच असं नाही. अनेकदा शिपायाची खरोखर भावना असते की, रस्त्यावर गाडीखाली येण्यापेक्षा ठाण्यात बरा. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं मेली आणि त्यातली साधारण पाचातली एक पायी चालणारी होती. तेव्हा शिपायाची भीती खोटी नाही. त्याच्याकडे त्या माणसाला न्यायला दुसरी जागाच नसते, हे खरं दुखणं आहे.

झोपल्यावर उतरेल, या समजुतीवर माणसं मरतात. दारूचा वास येणाऱ्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव झालेला असू शकतो. तो प्यायला म्हणून पडला आणि पडला म्हणून कवटीच्या आत रक्त साचू लागलं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये असा रक्तस्राव जास्त सहज होतो. मधुमेह्याची साखर एकदम उतरली, तर तोही बरळतो, घामाघूम होतो, झोकांड्या खातो. उपाशीपोटी प्यायलेल्याची साखरही तशीच उतरते. बोटाला सुई टोचून साखर बघायला मिनिटभरही लागत नाही, पण ते यंत्र ठाण्यात नसतं. फिट येऊन गेलेला माणूस, अर्धांगाचा झटका आलेला माणूस, सगळे "टल्ली" दिसतात. शिवाय शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते. दहा वाजता बडबडणारा बाराला जास्त बेशुद्ध असू शकतो.

विषारी दारूची गोष्ट याहून भयंकर. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरच्या वर माणसं गेली. मिथेनॉलचं विष लगेच दिसत नाही. काही तास माणूस नेहमीसारखा प्यायलेला वाटतो, झोपतो, आणि मग डोळ्यांपुढे अंधार, उलट्या, श्वास जड. वेळेत उपचार झाले तर वाचू शकतो. झोपू द्या म्हटलं, तर ती वेळच निघून जाते.

आणि रोज पिणाऱ्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं, तर उलट धोका. दारू अचानक तुटल्यावर पहिल्या दिवसभरात फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, थरथर, ताप. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांना हे पाठ असतं. 1986 मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे केंद्र उभं केलं, तेव्हापासून मराठी वाचकालाही हे अनोळखी नाही. अटकेतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असं डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलं. प्यायलेल्या माणसाला अठ्ठेचाळीस तास उशिराचे आहेत. त्याचा निकाल चार तासांत लागू शकतो.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तो तसाच लागला. 5 डिसेंबर 2017 रोजी टान्या डे नावाची पंचावन्न वर्षांची आदिवासी बाई मेलबर्नकडे जाणाऱ्या रेल्वेत झोपली होती. ती प्यायलेली होती. तिकीट तपासनिसाने पोलिसांना बोलावलं, कॅसलमेन स्थानकावर तिला उतरवलं आणि सार्वजनिक ठिकाणी प्यायलेलं असण्याच्या गुन्ह्याखाली कोठडीत ठेवलं. नशा उतरेपर्यंत. कोठडीत ती पडली, डोकं भिंतीवर आदळलं. तिच्याकडे ठरलेल्या वेळी नीट लक्ष द्यायला हवं होतं, ते दिलं गेलं नाही. मेंदूतल्या रक्तस्रावाने ती सतरा दिवसांनी गेली. तिचे काका हॅरिसन डे 1982 मध्ये पोलीस कोठडीशी संबंधित घटनेत गेले होते. तेही दारूच्या दंडाच्या अटकेनंतर. आदिवासींच्या कोठडी मृत्यूंची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने 1991 मध्येच सांगितलं होतं की, नुसतं प्यायलेलं असणं गुन्ह्यांतून काढून टाका. व्हिक्टोरियाने ऐकलं नाही. 2020 मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी नोंदवलं की, तिला अटक झाली नसती, तर हा मृत्यू टळला असता. तिच्या मुलांनी पाठपुरावा सोडला नाही. 7 नोव्हेंबर 2023 रोजी तो गुन्हा रद्द झाला, आणि मेलबर्नमध्ये प्यायलेल्यांना नेण्यासाठी आरोग्यसेवकांच्या देखरेखीची खाटांची जागा सुरू झाली. पुढच्या वर्षी क्वीन्सलँडनेही तेच केलं. मारामारी, छेडछाड, तोडफोड यांचे गुन्हे दोन्हीकडे पूर्वीसारखेच आहेत.

महाराष्ट्राला हे उसनं आणण्याची गरजही फारशी नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. त्याच कायद्याचं कलम 100 पोलिसांसाठी आहे. हद्दीत भटकताना आढळलेली, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणात घ्यायचं, जास्तीत जास्त चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचं, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. एका माणसाची तीच अवस्था एका कायद्यात संरक्षणाला पात्र आणि दुसऱ्या कायद्यात शिक्षेला. व्यसनाधीन माणसाला कलम 100 लागू पडतं, हे व्याख्या वाचली की दिसतं. एका संध्याकाळी जास्त झालेल्याचं काय, यावर वाद होऊ शकतो. तो वाद विधिमंडळाने एका दुरुस्तीने मिटवावा.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोडून काढण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. देशीच्या दुकानाशेजारच्या गल्लीत राहणाऱ्या बाईला विचारा. संध्याकाळी मुलीला क्लासहून आणताना तिला रोज काय ऐकावं लागतं, कोण वाट अडवतो, कोण घराच्या भिंतीवर लघवी करतो. महाराष्ट्रातल्या बायकांनी मतदान करून, आडवी बाटली निवडून दुकानं बंद पाडली आहेत. वर्धा आणि गडचिरोलीत बंदीच आहे. या बायकांना पोलिसांनी दारूड्याला सोडून द्यावं असं वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. पण दंगा करणाऱ्यासाठीचं कलम 85 मधलं वर्णन आणि न्याय संहितेचं कलम 355 ही दोन्ही हत्यारं कायम राहावीत, असंच इथे म्हणणं आहे. आजची वस्तुस्थिती उलटी आहे. पडलेला माणूस सोपा असतो, तो हातात येतो. वाट अडवणारा गाडी बघून पळतो. पहिल्याला उचलण्यात वेळ गेला की दुसऱ्यामागे धावायला माणूस उरत नाही.

नुसतं पिणं हाच गुन्हा ठरवून पोलिसांना कामाला लावलं की काय होतं, हे बिहारने 2016 च्या दारूबंदी कायद्यानंतर दाखवलं. न्यायालयं जामीन अर्जांनी तुंबली. तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी डिसेंबर 2021 मध्ये या कायद्याचा उल्लेख दूरदृष्टीविना केलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून केला. चार महिन्यांत बिहारला कायदा बदलावा लागला, आणि पहिल्यांदा सापडलेल्याला दोन ते पाच हजारांचा दंड घेऊन सोडण्याची तरतूद आली.

करायचं काय, तर कलम 85 मधून सावरू न शकणाऱ्याचं आणि परवाना नसणाऱ्याचं वर्णन काढावं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या पालिका रुग्णालयात रात्रीसाठी चार-सहा खाटा, एक परिचारिका, साखर मोजायचं यंत्र आणि सकाळी व्यसनमुक्तीबद्दल बोलणारा एक समुपदेशक द्यावा. प्राग शहरात डॉ. यारोस्लाव स्काला यांनी 1951 मध्ये असं केंद्र काढलं होतं, तेव्हा कल्पना नवी नाही. शिपायाची जबाबदारी तिथवर पोचवण्याची, त्यापुढे आरोग्य खात्याची. ही सोय होईपर्यंत, ठाण्यात आणलेल्या प्रत्येक प्यायलेल्या माणसाला आधी डॉक्टरने बघितलंच पाहिजे आणि दर अर्ध्या तासाने त्याला हाक मारून जागं करून नोंद केलीच पाहिजे, असा आदेश पोलीस महासंचालक उद्याच्या उद्या काढू शकतात. त्याला विधेयक लागत नाही. ज्या तिजोरीत दारूचे वीस हजार कोटी येतात, तिला या खाटा जड नाहीत.

आणि तोवर, फुटपाथवर कुणी पडलेला दिसला तर वास घेऊन पुढे जाऊ नका. मोठ्याने हाक मारा, खांदा हलवा. डोक्याला मार दिसत नसेल, तर त्याला एका कुशीवर करा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. हाकेला ओ देत नसेल, घोरल्यासारखा श्वास घेत असेल किंवा डोक्याला लागलेलं दिसत असेल, तर 108 ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्यापाशी थांबा.