विश्लेषण : बंदरात पडून राहिलेलं घातक रसायन नेमकं कुणाचं?

४ ऑगस्ट २०२० ला लेबनॉनच्या बैरूत बंदरात स्फोट झाला. दोनशेहून जास्त माणसं गेली. कारण होतं गोदामात सहा वर्षं पडून असलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट. ही बातमी आली आणि चेन्नईत धावपळ सुरू झाली. तिथल्या मनालीतल्या कंटेनर यार्डात हेच रसायन, जवळपास ७०० टन, २०१५ पासून पडून होतं. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेला माल, मग कोर्टकज्जे. पाच वर्षं जे हललं नाही, ते बैरूतनंतर काही दिवसांत लिलाव होऊन हैदराबादच्या वाटेला लागलं.

मुंबईने तर हे भोगलंय. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदरात क्लोरीनची गळती झाली आणि शंभराच्या आसपास लोकांना त्रास झाला. त्यात आग विझवणारे जवानही होते. सिलिंडर कुणीतरी मागवले, सोडवून नेलेच नाहीत. खाऱ्या हवेत ते वर्षानुवर्षं गंजत राहिले.

मग कायदा नाही का? भरपूर आहे. १९८९ च्या घातक रसायन नियमांनुसार आयातदाराला मालाची माहिती आधी द्यावी लागते. अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ चे वेगळे नियम आहेत. त्याचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सीमाशुल्क कायद्याचं कलम ४८ तर सांगतं की, साधा माल ३० दिवसांत सोडवला नाही तर नोटीस देऊन विकता येतो, आणि घातक माल परवानगी घेऊन कधीही विकता येतो.

गोम आहे ती या ‘विकता येतो’ मध्ये. ‘विकलाच पाहिजे’ असं कायदा म्हणत नाही. त्यात असल्या मालाला गिऱ्हाईक परवानाधारकच लागतं. नष्ट करायचा तर खर्च कुणी करायचा? आयातदार गायब, आणि फाईल बंदर आणि कस्टम्सच्या मध्ये फिरत राहते. माल आत घेताना दहा सह्या लागतात, पण पडून राहिल्याबद्दल जाब कुणालाच विचारला जात नाही.

२०२१ मध्ये सरकारने नियम बदलले. जप्त अमोनियम नायट्रेटचा लवकर लिलाव करायचा, बंदरात उतरलेला साठा बंदराच्या हद्दीपासून ५०० मीटर दूरच्या गोदामात हलवायचा. बदल चांगलाच आहे. फक्त तो एकाच रसायनापुरता आहे, आणि शिवडीत गळला होता तो क्लोरीन.