आधी हिशेब, मग मत

निवडणूक जवळ आली की मार्वेहून मनोरीस येणाऱ्या तरीतून माणसांपेक्षा आश्वासनेच अधिक उतरतात. कुणी क्रीडास्पर्धेचे चषक देतो, कुणी सणाच्या मांडवाचा खर्च उचलतो, कुणी वेलंकणीच्या यात्रेसाठी बस मिळवून देतो. आपण आभार मानतो. हा पैसा आला कोठून, हे मात्र विचारीत नाही. आमच्या मते आपल्या लोकशाहीचा रोग या न विचारलेल्या प्रश्नातच आहे.

कायदा नाही असे नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवून निकालानंतर ३० दिवसांत तो सादर करावयाचा असतो. २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. परंतु पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर किती उधळावे, यास मर्यादाच नाही! पुढच्या दारास कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, असा हा बंदोबस्त आहे.

२०१३ साली गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात सांगितले की, २००९ च्या निवडणुकीत आपला आठ कोटी रुपये खर्च झाला. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, चार दिवस चर्चा झाली. त्या एका नेत्याकडे बोट दाखविण्यात आम्हांस रस नाही. त्यांच्या बोलण्याने सारे हादरले. आश्चर्य मात्र कुणासच वाटले नाही, ही खरी लज्जेची गोष्ट होय.

पुढे २०१८ साली निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखे घ्यावेत, पक्षास द्यावेत, आणि देणाऱ्याचे नाव मतदारास कळू नये, अशी ही योजना. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती घटनाबाह्य ठरविली. पक्षांना पैसा कोण पुरवितो हे जाणणे हा मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

यावर काही भाविक आम्हांस विचारतात, ‘फादर, उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये, असे प्रभूनेच शिकविले ना?’ होय, पण ती शिकवण भिक्षादानाची आहे. ज्याला परतफेडीची आशा नाही, त्याने गुप्तपणे द्यावे. कंत्राट, परवाना वा जमीन यांवर डोळा ठेवून दिलेला पैसा दान नव्हे, ती गुंतवणूक होय. आणि हेही ध्यानी घ्यावे की, मंदिराच्या दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतो हे प्रभूने स्वतः पाहिले होते. विधवेची दोन नाणी त्याने सर्वांसमोर मोजली. मग धनिकांच्या थैल्या झाकलेल्या का असाव्यात?

रोखे गेले, अंधार मात्र सरला नाही. २० हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाने आयोगास कळविणे आजही बंधनकारक नाही. मोठ्या रकमेचे लहान तुकडे करणे कितीसे अवघड आहे? म्हणून आमच्या मागण्या दोन : पक्षांच्या खर्चासही मर्यादा हवी, आणि प्रत्येक देणगीदाराचे नाव मतदानापूर्वी लोकांसमोर यावयास हवे. मतदानानंतर मिळालेला हिशेब म्हणजे लग्न लागल्यावर केलेली स्थळाची चौकशी!

परंतु शासनाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. धर्मग्रामाच्या सणास उमेदवाराचा पैसा घेणारे आपणच, आणि तो देताना त्याचा फलक लावू देणारेही आपणच. त्यात आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. मांडव लहान झाला म्हणून संत रागावणार नाहीत. शुभवर्तमानातील धन्याने कारभाऱ्याकडे हिशेब मागितला, तसा तो मागण्याचा अधिकार मतदारासही आहे. मात्र ज्याने कारभाऱ्याकडून आधीच खाऊ घेतला, त्याच्या तोंडून हा प्रश्न निघणार कसा?