गरुडाची दोन तोंडे

रशियाच्या राजचिन्हावरील गरुडाला दोन तोंडे आहेत. एक पूर्वेकडे, दुसरे पश्चिमेकडे. १९१७ च्या क्रांतीने हटविलेला झारांचा हा गरुड १९९३ साली परत आला. रशिया ही युरोप व आशिया यांहून वेगळी संस्कृती होय, असे मॉस्को सांगते. युक्रेनचे वेगळेपण मात्र तिला मान्य नाही. फेब्रुवारी २०२२ मधील आक्रमणापूर्वी पुतिन यांनी दोष दिला तो लेनिनला, राष्ट्रांचा स्वयंनिर्णय मानल्याबद्दल!

कर्जत-खालापूरला हा प्रश्न परका नाही. १९४२ साली भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडीत होता, तेव्हा मॉस्कोकडे पाहणारे कम्युनिस्ट महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हणत होते. हिटलरचा पराभव आवश्यकच होता. परंतु त्यासाठी परतंत्र जनतेने आपला लढा थांबवावा, हा न्याय नव्हे. २ जानेवारी १९४३ रोजी कोतवाल व हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले.

२ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिला. इराकवरील २००३ च्या अमेरिकी आक्रमणाचा निषेध करणाऱ्या समाजवाद्यांनी येथे मौन पाळणे म्हणजे सिद्धगडाचा वारसा सोडणे होय.