आधी चाल, मग स्वर

गेल्या दिवाळीत भाचीसाठी पेटी शिकवणारं एक छोटंसं अ‍ॅप लिहिलं. स्क्रीनवर एक स्वर येणार, तिने ती पट्टी दाबायची. बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. कोड एकदम झकास! तिसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, यात गाणं कुठेय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग जीन बॅम्बर्गर आठवल्या.

या बाई मुळात पियानोवादक, थेट आर्टुर श्नाबेल यांच्या शिष्या. पुढे एमआयटीत प्राध्यापक झाल्या. तिथे सेमूर पेपर्ट आणि मंडळींच्या 'लोगो'तलं कासव मुलांकडून रेघा काढून घेत होतं. बाईंनी लोगोत संगीत आणलं. नंतरच्या त्यांच्या 'इम्प्रॉम्प्टू' या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला सुटे स्वर नसतातच. चालीचे अख्खे तुकडे असतात. ते ऐकायचे, जुळवायचे, ओळखीचं गाणं उभं करायचं. तुकड्याच्या आत काय आहे, ते नंतर उघडून बघायचं.

त्यांचं अजून एक काम मला फार आवडतं. टाळ्यांचा ठेका कागदावर काढा म्हटलं, की काही मुलं हाताला जाणवतील तसे गट काढतात आणि काही मोजूनमापून काढतात. एरवी आपण पहिल्यांना चूक म्हणून मोकळे होतो. बाईंचं म्हणणं, दोन्ही ऐकणं खरं आहे. शिकणं म्हणजे एकातून दुसऱ्यात जाता येणं.

आता कोणी म्हणेल, पलटे घोटल्याशिवाय हात बसत नाही. मान्य! पण पलटे घोटायची इच्छा गाण्यातून येते, लाल दिव्यातून नाही.

आपण इंजिनिअर लोक इथेच फसतो. स्वर अ‍ॅरेत भरायला सोपा, तपासायला सोपा, म्हणून धडा तिथून सुरू. सोय कोणाची? आपली! मुलाला आधीपासून काय येतं, हे कोणी विचारतच नाही. त्यावर एआय शिक्षक बसवला तरी तो त्याच चुका जास्त वेगाने दाखवणार. शिकवायचं सॉफ्टवेअर बनवताना त्या कलेत मुरलेलं माणूस पहिल्या दिवसापासून हवं, शेवटी 'कंटेंट' भरायला नव्हे.

असो. अ‍ॅप पुन्हा लिहिलं, तुकड्यांचं. भाचीने शेवटचा तुकडा मुद्दाम आधी लावला, ऐकला आणि नाक मुरडलं. "हे संपल्यासारखं वाटतंय, मामा."

माझ्या हिरव्या दिव्याने हे तिला कधीच शिकवलं नसतं.