गणगोताचा धनी : कार्ल लेम्ले

घरांतला एखादा मुलगा मोठ्या शहरीं नोकरीस लागून जरा स्थिरावला, कीं गांवाकडील भाचे-पुतणे वळकटी घेऊन त्याच्या बिऱ्हाडीं दाखल होतात. हा अनुभव बहुतेक वाचकांच्या घरीं असेलच. अशा गृहस्थास कोणी उदार म्हणतात, कोणी पक्षपाती. आणि ज्या माउलीला चुलीपुढें बसावें लागतें तिचें मत तर निराळेंच असतें! या खेपेस अशाच एका गृहस्थाची हकीकत सांगावयाची आहे. त्याचें बिऱ्हाड मात्र अमेरिकेंत होतें आणि धंदा चित्रपटांचा होता.

कार्ल लेम्ले याचा जन्म १७ जानेवारी १८६७ रोजीं दक्षिण जर्मनींतील लाउपहाइम या लहान गांवीं एका यहुदी कुटुंबांत झाला. तेराव्या वर्षीं त्याला परगांवीं एका कागदविक्याच्या दुकानांत उमेदवारीस ठेवलें. १८८३ सालीं आई वारली आणि पुढच्याच वर्षीं हा सतरा वर्षांचा पोर अमेरिकेच्या आगबोटींत चढला. तेथें दुकानांत पोऱ्या, शेतावर मजूर, मग कारकून, असें करीत करीत तो ऑशकॉश गांवीं एका कापडदुकानाचा व्यवस्थापक झाला. धन्याच्या पुतणीशीं लग्नहि झालें. पण पगारावरून खटका उडाला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यानें नोकरी सोडली.

शिकागोंत येऊन दुकान थाटावें असा विचार चालू असतां एका चित्रगृहापुढील गर्दी त्यानें पाहिली. पांच सेंटांचें तिकीट, सगळा व्यवहार रोखीचा, उधारी नाहीं, माल पडून राहण्याचें भय नाहीं! १९०६ सालीं त्यानें स्वतःचें चित्रगृह उघडलें. पुढें चित्रपट भाड्यानें देण्याचा धंदा वाढविला. परंतु १९०८ सालीं एडिसनप्रभृति यंत्रमालकांनीं संघ करून साऱ्या धंद्यावर हक्क सांगितला व प्रत्येक चित्रगृहाकडून कर मागितला. लेम्लेनें कर नाकारला आणि आपलेच चित्रपट काढूं लागला. संघानें त्याच्यावर एकामागून एक फिर्यादी गुदरल्या. त्यांची संख्या २८९ सांगतात. शेवटीं १९१५ सालीं न्यायालयानें संघच बेकायदा ठरविला. तोंपर्यंत, १९१२ सालीं, इतर स्वतंत्र निर्मात्यांसह त्यानें ‘युनिव्हर्सल’ कंपनी स्थापिली होती, आणि १९१५ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियांत ‘युनिव्हर्सल सिटी’ नांवाची चित्रनगरी उघडली.

या नगरींतच आमचा मूळ विषय सुरू होतो. लाउपहाइमकडील भाचे, चुलतभाऊ, त्यांचे मेहुणे, जो येईल त्याला येथें कांहीं ना कांहीं काम मिळे. सगळे धन्याला ‘कार्लकाका’ म्हणत. वर्तमानपत्रांनीं या गोतावळ्याची यथेच्छ थट्टा केली. थट्टेंत तथ्य नव्हतें असें नाहीं. कित्येक जण बसून खात. तथापि याच वाटेनें विल्यम वायलर हा मातुलपक्षाकडील तरुण १९२० सालीं आला, आणि निरोप्याच्या कामापासून चढत जाऊन पुढें जगांतील थोर दिग्दर्शकांत गणला गेला. उलट ज्याच्याशीं नातें नव्हतें त्या आयर्व्हिंग थॅलबर्गलाहि काकानें विशीच्या सुमारास चित्रनगरीचा कारभार सोंपविला होता. माणूस पारखण्याची दृष्टि त्याला होती. नात्यापुढें मात्र ती मंद होई, इतकेंच.

स्वतःच्या मुलाच्या बाबतींत तर विशेषच. एकविसाव्या वर्षीं त्यानें लेकाला निर्मितीचा सर्वाधिकारी केला. लेकानें १९३० सालीं रेमार्कच्या युद्धविरोधी कादंबरीवर जो चित्रपट काढला त्यास अमेरिकेचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. बर्लिनमध्यें मात्र त्याच्या खेळांत नाझींनीं पांढरे उंदीर सोडून दंगा केला आणि जर्मन सरकारनें तो चित्रपट बंद पाडला. पुढें लेकाचा खर्च आवरेना. १९३६ सालीं एका चित्रपटासाठीं काढलेल्या साडेसात लाख डॉलरांच्या कर्जापायीं बापाला उभी केलेली कंपनी विकावी लागली.

हातीं पैसा उरला होता, काम नव्हतें. जर्मनींत हिटलरचा अंमल; लाउपहाइममध्यें लेम्लेचें नांव दिलेल्या रस्त्याचें नांव बदललेलें. तेथील यहुद्यांना अमेरिकेचा परवाना हवा, तर तेथल्या एखाद्या रहिवाशानें शपथपूर्वक लिहून द्यावें लागे कीं या मनुष्याचा भार सरकारवर पडणार नाहीं, त्याच्या निर्वाहास मी माझ्या मिळकतीसह बांधलेला आहें. लेम्ले अशीं पत्रें देऊं लागला. प्रथम आप्तांना, मग गांवकऱ्यांना, मग ज्यांचें तोंडहि पाहिलें नव्हतें त्यांना. तीनशेंहून अधिक माणसें या पत्रांवर सुटलीं असें मानतात. ज्यानें आयुष्यभर नात्याची व्याख्या सैल ठेविली, त्याला ती आणखी सैल करणें जड गेलें नसावें.

१९३८ सालीं स्टुटगार्टच्या अमेरिकन वकिलातीनें शंका काढली कीं, हा गृहस्थ एकाहत्तर वर्षांचा. इतक्या लोकांचा भार हा किती दिवस वाहणार? शंका कायद्याच्या दृष्टीनें चुकीची नव्हती, आणि म्हणूनच ती वाचतांना अंगावर कांटा येतो. लेम्लेनें थेट परराष्ट्रमंत्री हल यांना पत्र लिहून दाद मागितली. इतर धनिकांनाहि हमी देण्याविषयीं तो विनवीत राहिला.

२४ सप्टेंबर १९३९ रोजीं तो वारला. युद्ध सुरू होऊन तेव्हां तीन आठवड्यांहून थोडेच अधिक दिवस झाले होते. लाउपहाइममधील एक विद्यालय आज त्याच्या नांवानें चालतें.