सहीपूर्वी वाचावयाचा कागद

उच्च माध्यमिक परीक्षा अद्याप काही महिने दूर असते, आणि तरीही अमेरिकेत शिकावयास जाऊ इच्छिणाऱ्या गोमंतकीय विद्यार्थ्यापुढे दिवाळीच्या सुमारास एका गंभीर कागदावर सही करावी की नाही, असा प्रश्न उभा राहतो. तेथील अनेक महाविद्यालये नियमित अर्जांखेरीज लवकरचे अर्जही स्वीकारतात. त्यांची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते व निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. लवकर अर्ज, लवकर निकाल, एवढ्यावर बहुतेक पालकांचे समाधान होते. वास्तविक या एका नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न असे दोन व्यवहार चालतात.

त्यांतील ‘अर्ली ॲक्शन’ निरुपद्रवी म्हणावा असा आहे. होकार आला तरी १ मेपर्यंत विचार करण्यास मोकळीक असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड यांनी त्याला एवढीच अट जोडली आहे की, त्या वेळी अन्य खासगी विद्यापीठाकडे लवकरचा अर्ज करावयाचा नाही. मिळालेला प्रवेश स्वीकारण्याचे बंधन तेथेही नाही.

‘अर्ली डिसिजन’ची जात निराळी. प्रवेश मिळाल्यास येथेच येईन व बाकीचे सर्व अर्ज मागे घेईन, असे वचन विद्यार्थी अर्जाबरोबरच देतो. त्यावर त्याची, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची अशा तीन सह्या लागतात. असा अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करता येतो. काही महाविद्यालये जानेवारीच्या आरंभी याच कराराची दुसरी फेरी घेतात. महाविद्यालयाने अर्ज नियमित फेरीत ढकलला, तर विद्यार्थी वचनातून मोकळा होतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

आमचा आक्षेप आहे तो या करारातील विषमतेला. महाविद्यालयाला आपल्या जागा भरल्याची निश्चिती मिळते. विद्यार्थी मात्र तुलना करण्याचा हक्क सोडून देतो. देऊ केलेले आर्थिक साहाय्य अपुरे असेल तर करारातून बाहेर पडता येते, हे खरे. परंतु ते पुरे की अपुरे हे ठरविताना हाती दुसऱ्या महाविद्यालयाचे पत्र नसते. ज्याच्या घरी पूर्ण शुल्क भरण्याची ऐपत आहे, त्याचे यात काहीच जात नाही. बोटीवरील नोकरीच्या वा शिक्षकाच्या पगारावर घर चालविणाऱ्याचे सर्व काही जाते.

असा आक्षेप घेणारे आम्ही एकटे नव्हे. लवकर अर्ज करणाऱ्यास मिळणारा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे शंभर गुणांच्या तोडीचा असतो, असे ॲव्हरी, फेअरबँक्स व झेकहॉसर या अभ्यासकांनी २००३ मधील ग्रंथात दाखवून दिले. सधनांना झुकते माप मिळते म्हणून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये लवकरचे अर्ज बंद करण्याचे जाहीर केले. इतर बहुतेक विद्यापीठे मागोमाग आली नाहीत आणि २०११ मध्ये दोघांनीही ते पुन्हा सुरू केले. सद्बुद्धीचे आयुष्य इतके अल्प! ऑगस्ट २०२५ मध्ये, अशा करारांनी स्पर्धा मारली जाऊन शुल्क वाढते, असा आरोप करणारा दावा ३२ महाविद्यालयांविरुद्ध तेथील संघीय न्यायालयात दाखल झाला.

आपल्या विद्यार्थ्यांची अडचण याहून एक पायरी अधिक आहे. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता निवड करणाऱ्या संस्था हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट अशा मोजक्याच. इतरत्र साहाय्याची मागणी निवडीच्या वेळी तोलली जाते. म्हणून ‘आधी प्रवेश घ्या, पैशांचे पुढे पाहू’ असे सांगणारे सल्लागार भेटले, तर पालकांनी सावध व्हावे. प्रवेशाच्या वेळी न मागितलेले साहाय्य परदेशी विद्यार्थ्यास पुढील वर्षांतही मागता येत नाही, असा नियम अनेक ठिकाणी आहे. संकेतस्थळांवरील खर्चाचे गणकयंत्रही मुख्यतः अमेरिकन नागरिकांसाठी केलेले असते. तेव्हा घरचे उत्पन्न स्पष्टपणे कळवून, साहाय्याचा अंदाज महाविद्यालयाकडूनच लेखी मागवावा आणि उत्तर हाती येईपर्यंत करारावर सही करू नये. उत्तर न आल्यास नियमित फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या आरंभापर्यंत असतेच.