स्वस्त कोणाला?

हल्ली आयटीतली चार मराठी डोकी एकत्र आली की दुसऱ्या चहाला एक विषय निघतोच. पुण्यात गृहकर्जाचे हप्ते भरत आणि ट्रॅफिकमध्ये सडत बसण्यापेक्षा थायलंडला समुद्रकाठच्या एखाद्या गावात जाऊन राहायचं! लॅपटॉप आहे, नेट आहे, आणखी काय लागतं? मग कोणीतरी हुआ हिनचं नाव काढतो. बँकॉकच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटर, लांबच लांब किनारा, रात्रीचा बाजार, ताजी मासळी. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: "अरे, कसलं स्वस्त आहे माहितीये?"

माझं भांडण आहे ते या 'स्वस्त' शब्दाशी.

समुद्र हा गावाचा गुण आहे. स्वस्ताई नाही. ती तुमचा पगार आणि तिथल्या माणसाचा पगार यांची वजाबाकी आहे, बस्स. विश्वास बसत नसेल तर गणित करू, शेवटी आपण इंजिनिअर माणसं. जुलै २०२४ मध्ये थायलंडने लॅपटॉपवाल्यांसाठी एक नवा व्हिसा आणला. मुदत पाच वर्षं, एका खेपेला १८० दिवस मुक्काम. अट अशी की खात्यात पाच लाख बाट दाखवायचे. एक बाट म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन रुपये, तेव्हा दहा वर्षं नोकरी केलेल्याला हे काही अशक्य नाही. आता दुसरा आकडा. जानेवारी २०२५ मध्ये तिथली किमान मजुरी ठरली दिवसाला ३३७ ते ४०० बाट, प्रांताप्रमाणे कमी-जास्त. वरचा दर धरला तरी पाच लाख म्हणजे १२५० दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता, एक दाणाही न खाता, जवळजवळ साडेतीन वर्षं! तुमच्यासमोर नूडल्सची वाटी ठेवणाऱ्या बाईला ते गाव स्वस्त आहे का, हे तिला एकदा विचारा. पण विचारणार कसे? थाई कुठे येते आपल्याला?

दुसरा लाडका शब्द 'एक्स्पॅट'. हुआ हिन ज्या प्रांतात येतं त्याची पश्चिमेची हद्द म्यानमारला लागून आहे. थायलंडमधली बांधकामं आणि मासेमारी मोठ्या प्रमाणावर म्यानमारच्या मजुरांच्या जिवावर चालते. तो मजूर परक्या देशात आला, तुम्हीही आलात. त्याला चार पैसे उरवायचे आहेत, तुम्हालाही. मग तो स्थलांतरित आणि तुम्ही एक्स्पॅट, हे कोणत्या न्यायाने? मुंबईत बाहेरून आलेल्याने वर्षानुवर्षं राहून मराठी शिकली नाही म्हणून तावातावाने बोलणारा आपला मित्र तिथे सहा महिने 'सवादी क्राप'च्या पुढे सरकत नाही, आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नाही.

जमिनीचंही तेच. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. मग लोक कागदोपत्री थाई भागीदार उभा करून कंपनी काढतात आणि तिच्या नावावर बंगला घेतात. हे तिथे बेकायदा आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सहजासहजी शेतजमीन घेता येत नाही, आणि कोकणात कोणी त्यातून पळवाट काढली की आपण 'भूमिपुत्रांवर अन्याय' म्हणून ओरडतो. हुआ हिनला भूमिपुत्र नसतात की काय?

"पण आमचा पैसा त्या गावातच खर्च होतो ना!" हो, होतो. हॉटेलवाल्याला, घरमालकाला, स्कूटर भाड्याने देणाऱ्याला मिळतो, ते मी नाकारत नाही. पण घरमालक जास्त भाडं देणारा भाडेकरू बघतो, तो सगळीकडे तेच करतो. मग ज्याच्या घरी भाडं ४०० बाट रोजावरून जातं तो किनाऱ्यापासून आणखी आत सरकतो. तुम्हाला हिशेबात फक्त जमेची बाजू दिसते, कारण खर्चाची बाजू दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली असते.

हुआ हिनला राजा प्रजाधिपोकने १९२० च्या दशकात एक राजवाडा बांधला. क्लाय कांगवोन, म्हणजे काळजीपासून दूर. जून १९३२ मध्ये राजा तिथेच मुक्कामाला असताना बँकॉकमध्ये क्रांती झाली आणि त्याची अनियंत्रित सत्ता संपली. राजाला जे जमलं नाही ते आपल्याला पाच लाख बाटांत जमेल म्हणता?

असो. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पोटासाठी काय किंवा हवेसाठी काय, माणसं गाव सोडणारच. पण मग स्थलांतरिताचे नियम पाळा: भाषा शिका, कर भरा, जमिनीच्या भानगडीत पडू नका, घरकाम करणाऱ्या बाईशी पन्नास बाटांसाठी घासाघीस करू नका. आणि परत आल्यावर चहा पिताना 'स्वस्त आहे' म्हणू नका. 'मला परवडलं' म्हणा. तेवढंच खरं आहे.